रोप कमी पडलं की

वांगणी
रविवार, १८ फेब्रुवारी २०२४

पुष्पे,

सगळ्यांच्या आधी कोण आलं, तर सोमी. जीप अजून वावर गावच्या वळणावर धूळ उडवत होती आणि ही शेजारीण माझ्या दारात कपबशा घेऊन उभी! म्हणे, "गौरामावशी, तुझ्या कपांचे कान गेलेत, पाहुण्यांपुढं बरं दिसत नाय." माझ्या एकाच कपाचा कान गेलाय गं, तोही तिच्या सुनेनं फोडलेला. पण म्हटलं आज भांडायचं नाही. मग शाळेतून खुर्च्या आल्या. त्यांच्यामागून नवशा भगत आला, तो हात हलवत आला आणि खुर्चीत पहिला तोच बसला.

तर तुझ्या दवाखान्याची माणसं शेवटी आली! त्या वर्षा मॅडम, समाजसेविका, तुझ्याच मजल्यावर बसतात म्हणाल्या, आणि बरोबर एक चष्म्यावाला कोवळा डॉक्टर. इतका कोवळा की मी आधी त्याला ड्रायव्हर समजले आणि ड्रायव्हरला खुर्ची दिली.

फोन न करता पत्र लिहिते म्हणून हसू नकोस. फोनला शाळेमागची टेकडी चढावी लागते, आणि वर पोचेपर्यंत मला दम लागतो आणि काय सांगायचं ते खालीच राहतं. म्हातारपणी साक्षरता वर्गात अक्षरं गिरवली, ती वापरते. एसटीचा ड्रायव्हर ओळखीचा झालाय, तो नाशिकला टाकतो. चुकलं तर सुधारून वाच, तू कारकून आहेस.

तू समजावलं होतंस ते मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आपल्या रविनाच्या दोन्ही किडन्या गेल्या, आता मशीनवर रक्त धुऊन किती दिवस काढणार. आई म्हणून जयश्रीचं रक्त बघितलं तर पोरीला चालत नाही, बाप देवराम, तर त्याला प्रेशर. मी म्हटलं माझी घ्या, तर डॉक्टर हसला, म्हणाला आजी तुमची तुम्हालाच पुरू दे. मग राहिली मेलेल्या माणसाची. ती बसवतात, पण किडन्या थोड्या आणि मागणारे फार, म्हणून यादी असते, आणि यादीत घ्यायच्या आधी घर बघतात. मला तर हे भाताच्या आवणीसारखं वाटलं. एका वाफ्यातलं रोप उपटायचं, दुसऱ्या खाचरात लावायचं. वर्षा मॅडमना तसं म्हटलं तर त्या म्हणाल्या, "अगदी बरोबर, आजी." बघ, मी काय अडाणी आहे का?

मग त्या म्हणाल्या, आधी रक्त जुळावं लागतं, आणखी बरंच काही जुळावं लागतं, मग घरची माणसं, घरची परिस्थिती बघावी लागते. मी जयश्रीकडे बघितलं. जुळणं, घर बघणं, पाहुणे, चहा! मला का हे शिकवायला पाहिजे? तीन पोरी दिल्यात मी. पाहुण्यांपुढं पोरीचं दुखणं काढायचं नसतं आणि गावाचं तर नाहीच नाही.

त्या विचारत गेल्या, मी सांगत गेले. पोरीला दम लागतो का? म्हटलं, छे, दोन हंडे डोक्यावर आणते. पाणी कुठलं? दारातल्या नळाचं. नळ आहेच ना गं दारात, त्याला पाणी येतं का ते त्यांनी विचारलं नाही. फोन लागतो? लागतो की. किडनी आल्याचा फोन आला तर तासाभरात निघाल का? म्हटलं, आमच्या सोमीच्या भाच्याची जीप आहे, आम्ही फोनच्या आधीच निघू. डॉक्टर हसला. मग मला आणखी जोर आला.

मॅडम म्हणाल्या, "डायलिसिसची पाळी कधी चुकते का?"

मी म्हटलं, "चुकली तरी आमच्या पोरीला काही होत नाही! गेल्या आवणीत किती पाळ्यांना गेलीच नाही, आणि सगळी खाचरं तिनं एकटीनं लावून काढली. अशी पोर आहे आमची."

जयश्रीनं मला कोपरानं ढोसलं. मला वाटलं चहा उतू चालला, म्हणून मी उठले. रविना मान खाली घालून बसली होती. लाजली पोर.

नागलीची भाकर, उडदाचं वरण, खुरासणीची चटणी, सगळं केलं होतं. डॉक्टरनं दोनदा भाकर घेतली. निघताना मॅडम म्हणाल्या, "कळवतो, आजी." सोमी लगेच म्हणते, "कळवतो म्हणणारे पाहुणे परत येत नाय." तिच्या तोंडात माती. तिचे कप मी अजून दिलेले नाहीत.

तू त्यांना भेटशीलच. काय म्हणाल्या ते लिही. माझ्याबद्दलही काही म्हणाल्या तर तेही लिही.

तुझी आते
गौराबाई


नाशिक
२ मार्च २०२४

प्रिय आते,

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, आणि ड्रायव्हरला खुर्ची दिलीस ते ऑफिसात वाचून दाखवलं.

वर्षा मॅडम भेटल्या. तुझ्या भाकरीचं कौतुक करत होत्या. रविना गोड मुलगी आहे म्हणाल्या. बाकी अशा गोष्टी कमिटी ठरवते, त्याला वेळ लागतो. तू काळजी करू नकोस.

एक विचारायचं होतं. गेल्या पावसाळ्यात रविना डायलिसिसला गेली नाही असं तू लिहिलंयस. ती गेली नाही, की जाताच आलं नाही? आणि खाचरं खरंच तिने लावली का? मला आपलं सहज माहीत असावं म्हणून. वेळ मिळाला की लिही.

माझ्याकडे सगळं ठीक. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, दोन खोल्यांत पाच माणसं, त्यामुळे धावपळ असते. रविनाला सांग, गोळ्या वेळेवर घे आणि पाणी मोजूनच पी.

तुझी
पुष्पलता


वांगणी
२१ एप्रिल २०२४

पुष्पे,

तुझं पत्र इतकं छोटं की सोमीनं विचारलं, "एवढंच?" मी तिला सांगितलं, शिकलेली माणसं थोडक्यात लिहितात.

यादीचं काम होणार, हे मी सगळ्या पाड्याला सांगून टाकलंय. काळजी करू नकोस असं तू लिहिलंस, म्हणजे काहीतरी ठरलंय आणि तुला बोलायची परवानगी नाही. मला कळतं. सरकारी माणसांचं असंच असतं.

एक गोड बातमी. मोखाड्याचे ते गौतम मास्तर, रविनाच्या शेजारच्या मशीनवर असायचे बघ, तिला कोडी घालायचे, त्यांना किडनी मिळाली! तुमच्याच दवाखान्यात. ऑपरेशन झालं, आता लघवी होते म्हणे. पुष्पे, मशीनवरच्या माणसाला लघवी झाली हे ऐकून सगळ्या खोलीनं टाळ्या वाजवल्या. रविनानंच सांगितलं मला. मी नागलीचं पीठ पाठवलं त्यांच्या बायकोला. चांगला माणूस गं, घरी दोन लहान मुली आहेत.

मग रविना म्हणाली, "आजी, मास्तर माझ्यामागून आले होते मशीनवर. आमचा रक्तगट पण एकच." मी म्हटलं, अगं, रेशनच्या रांगेत पोटुशीला पुढे सोडतात की नाही, तसं असेल. असं असतं ना गं? तुला माहीत असेल.

दुसरी गोष्ट नवशाची. मी त्याला म्हटलं, रविनासाठी नवस बोलायचाय, कोंबडा देते. तो म्हणाला, देवाला नेमकं सांगावं लागतं, मोघम चालत नाय. किडनी दे म्हण. मी हात जोडले आणि तोंडच उघडेना. कारण किडनी दे म्हणजे काय? आज कोणाचं तरी पोर घरून जेवून निघावं आणि गाडीवरून पडावं, असंच ना? आणि त्याची आई देवाला सांगतच असणार, माझं पोर घरी आण. देवानं कोणाचं ऐकायचं? मी आपली म्हटलं, देवा, तुला काय ते माहीत आहे. नवशा चिडला. म्हणे, असा अर्धा नवस देव घेत नाय. कोंबडा मात्र तो घेऊन गेला.

आणि हो, तू पावसाळ्याचं विचारलं होतंस. ती कशी जाणार गं? ओढ्यावरची फरशी पाण्याखाली, एसटी वावरलाच येईना. देवराम भिवंडीला गोदामात. जयश्रीनं तिला दोनदा डोलीत घालून ओढ्यापर्यंत नेली आणि परत आणली. तोंड असं सुजलं होतं की डोळे दिसेनात. आडवी झोपली तर श्वास लागायचा म्हणून भिंतीला टेकून बसवायचो. खाचरं कसली लावतेय! ती जयश्रीनं आणि मी लावली. पण हे पाहुण्यांना सांगायचं असतं का? असलं ऐकून कोण होकार देईल?

देवरामला कळवलं, तो म्हणाला, "टेन्शन मत ले आई, हो जायेगा." तिकडे राहून हिंदीच बोलतो आता.

तुझी आते


नाशिक
२६ मे २०२४

प्रिय आते,

हे पत्र मी बऱ्याच वेळा लिहून फाडलं.

मार्चमध्ये मी तुझ्यापासून लपवलं. रविनाचं नाव यादीत चढलं, पण थांबवून ठेवलंय. नाव थांबवलेलं असलं की किडनी आली तरी त्या नावाकडे बघत नाहीत. गौतम मास्तरांना मिळाली ती किडनी रविनाला जुळलीच असती असं मी म्हणू शकत नाही, रक्तगटाशिवाय खूप काही बघावं लागतं. पण त्या दिवशी तिचं नाव पाहिलंच गेलं नाही, एवढं खरं.

आणि थांबवलं ते तू सांगितलंस त्यामुळे. रागावू नकोस, पूर्ण वाच. किडनी बसवली की गोळ्या जन्मभर, त्या चुकल्या तर शरीर ती किडनी मारून टाकतं. म्हणून जो माणूस डायलिसिस चुकवतो तो गोळ्याही चुकवेल असं धरतात. तू सांगितलंस की पोर पाळ्या चुकवते आणि शेतात राबते. त्यांनी लिहिलं, उपचार गांभीर्याने घेत नाही. इथे लग्नाची मागणी नव्हती गं आते. इथे दुखणंच दाखवायचं होतं.

मी वर्षा मॅडमशी भांडले. कँटीनमध्ये, सगळ्यांसमोर. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "पुष्पलता, माझ्यापुढे एक किडनी असते आणि ताटकळलेली कितीतरी माणसं. ज्या आईने आपल्या मुलाची किडनी दिली तिला मी काय सांगू, ती वाया गेली म्हणून? मला निवडावंच लागतं. मी निवडलं नाही तर तीही एक निवडच होते." त्या वाईट नाहीत, आते. मला त्या वाईट असायला हव्या होत्या, म्हणजे सोपं झालं असतं.

तुझं एप्रिलचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. डोलीचं, भिंतीला टेकून बसवल्याचं. त्या म्हणाल्या, पत्रावरून नाव सुरू करता येत नाही, पण मी पुन्हा घरी जाऊन येते.

त्या आल्या की खरं सांग. फक्त खरं.

रविनाला मी इथे आणून ठेवायला हवं, हे मला कळतं. सासूबाईंचं तुला माहीत आहे. यापुढे काय लिहावं ते कळत नाही.

तुझी
पुष्पलता


वांगणी
रविवार, ७ जुलै २०२४

पुष्पे,

तुझं पत्र मी आधी एकटीनं वाचलं, मग जयश्रीला वाचून दाखवलं. वाटलं ती मला बोलेल. बोलावं असं मला वाटतही होतं. ती म्हणाली, "आई, मी ढोसलं होतं तुम्हाला." एवढंच म्हणाली आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. मला वाटलं होतं चहा उतू चालला.

मी तुझ्यावर रागावले नाही. वर्षा मॅडमवर रागवायला बसले होते, खूप प्रयत्न केला. मग आमच्या आवणीला सुरुवात झाली. यंदा राबाच्या वाफ्यातलं अर्धं रोप कुजलं. कमी पडणार हे दिसत होतं. जयश्री म्हणाली, आधी कुठलं लावायचं? आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "ओढ्याकाठचं. त्यात पाणी धरतं. वरचं राहू दे, तिथं लावलेलं जळून जाईल." चिखलात उभी होते आणि तशीच राहिले गं. मी पण तेच केलं. वरच्या खाचरानं काय पाप केलंय? त्याच्यात पाणी धरत नाही, त्यात त्याचा काय दोष? पण रोप हातात घेऊन मी तरी तिकडे वळले का? नाही वळले. मग वर्षा मॅडमना कुठल्या तोंडानं बोलू?

तू म्हणतेस खरं सांग. सांगते. पण कुठलं खरं, ते तू मला सांग. पोर धडधाकट आहे म्हटलं तर ती बेफिकीर ठरली. आता सांगू की फरशी बुडते, नळाला पाणी नाही, फोनला टेकडी चढावी लागते, छप्पर गळतं आणि पोरीच्या अंथरुणाखाली ओल येते? मग त्या म्हणतील, अशा घरात किडनी कशी जगेल. खोटं बोलले तर पोर नापास, खरं बोलले तर घर नापास. यातून कुठून जायचं गं? तू शिकलेली आहेस. मी रात्रंदिवस विचार करते, मला वाट सापडत नाही.

तरी मी सराव करते. पोर आजारी आहे, हे मी आजवर तोंडानं म्हटलेलं नाही. घरात दुखण्याचं नाव घेतलं की ते बसायला पाट मागतं, असं माझी आई म्हणायची. म्हणून मी गोठ्यात जाऊन म्हशीला सांगत होते, "आमची रविना फार आजारी हाय. तिला जिना चढवत नाय, भाकर जात नाय." आमच्याकडे जिना कुठला, पण दवाखान्यातली माणसं जिन्याचंच विचारतात. तर मागून आवाज आला, "आजी, सुजल्याचं पण सांग." बघते तर रविना दाराला धरून उभी. मी म्हटलं, "तू का आलीस गं चिखलात?" ती म्हणाली, "ऐकायला. घरात कोणी म्हणतच नाही. मला वाटायचं मला एकटीलाच माहीत आहे." मग ती खाली बसली, मी पण बसले. म्हैस आमच्या दोघींकडे बघत होती. ती म्हणाली, "तू नको सांगूस, या वेळी मी बोलेन." मी म्हटलं, "पाहुण्यांपुढं पोरीनं—" आणि जीभ चावली.

काय बोलशील म्हणून विचारलं, तर म्हणाली, "सांगेन की गौतम सरांना मिळाली ते बरं झालं. आणि मलाही पाहिजे. दोन्ही सांगेन." मग म्हणाली, "नाय दिली तरी विचारेन, फरशी बांधली तर चालेल का. कोणी बांधणार असेल तर." आणि हसली. दात तेवढे तिचे जुने राहिलेत, बाकी तोंड ओळखू येत नाही.

तुझ्याकडे ठेव असं मी म्हणणार नाही. तुझी सासू, तुझ्या दोन खोल्या, मी समजते. तू शेवटी लिहिलंस ना, पुढे काय लिहावं कळत नाही, ते मी रविनाला वाचून दाखवलं नाही.

देवराम रजा काढून आलाय, या वेळी हिंदी बोलत नाही, काहीच बोलत नाही. आठवड्यातून दोनदा पोरीला पाठीवर घेऊन ओढा उतरतो, पलीकडून जीप करतो आणि जव्हारला मशीनवर नेतो. पाणी वाढलं तर तेही बंद. सोमीनं तिची प्लास्टिकची ताडपत्री दिलीय, पोरीवर धरायला. मी तिचे कप परत केले. तिनं नको म्हटलं, म्हणे पाहुणे यायचेत ना, असू देत.

वर्षा मॅडमचा निरोप काल शाळेच्या मास्तरांकडे आला. परत यायला तयार आहेत, पेशंटला स्वतः भेटायचंय, घरी हजर ठेवा म्हणाल्या. मला इतका आनंद झाला, मी मास्तरांना गूळ दिला. मग जयश्रीनं वार विचारला. त्या दिवशी मशीनची पाळी आहे. पोरीला घरी ठेवली तर पाळी चुकली, आणि पाठवली तर पाहुण्यांना ती दिसायची नाही. देवराम दोनदा टेकडीवर जाऊन आला, फोन लागत नाही, टॉवर पावसानं पडलाय म्हणतात. म्हणून हे पत्र उद्याच्या गाडीनं देते, गाडी आली तर. तुला वेळेत मिळालं तर त्यांना तेवढं सांग. नाही मिळालं तर काय करायचं ते आम्ही अजून ठरवलेलं नाही. रविना म्हणते, आजी तू ठरव. जयश्री म्हणते, आई तुम्ही ठरवा.

येतो म्हणाल्यात त्या, येत्या बुधवारी.

तुझी आते
गौराबाई